घोरपडीची साक्ष

इतिहासाचा मास्तर म्हणून मी पस्तीस वर्षे सोलापुरात काढली. या पस्तीस वर्षांत तानाजी मालुसऱ्यांनी माझ्या वर्गात किती वेळा कोंढाणा घेतला याचा हिशेब मांडला, तर आकडा शंभराच्या खाली येणार नाही. दर वर्षी तीन तुकड्या, आणि दर तुकडीत एक रात्र काळोखी, एक कडा उभा, एक घोरपड चिकट आणि एक दोर लांब. मुले तोंडे उघडी टाकून ऐकत. ज्या दिवशी हा पाठ असे, त्या दिवशी मधल्या सुट्टीत पटांगणातल्या लिंबाला दोर बांधलेला दिसे. मी हसून पुढे जात असे. मात्र या शंभर वेळांत एकदाही मी घोरपड हातात घेतली नव्हती. हातात काय, दहा पावलांवरून नीट पाहिलीही नव्हती. हे कबूल करायला मला यंदाच्या भाद्रपदातील एक प्रसंग कारण झाला. तोच येथे सांगतो.

निवृत्तीनंतर मी कुंभारीला राहायला आलो. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव. पूर्वी येथे ज्वारीची शेते आणि मुरमाड माळ यांचेच राज्य. पण गेल्या वीस वर्षांत या माळाचा चेहरा पालटला. २००६ साली येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. वारल्यांच्या लढ्यातल्या गोदूताई परुळेकरांचे नाव तिला दिले आहे. पुढे जवळच रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी तिच्यातील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या कामगारांच्या हाती पडल्या. एवढी वस्ती माळावर आली म्हणजे माळावरचे आधीचे रहिवासी कोठे गेले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता. ससे गेले, तितर गेले. घोरपडी मात्र सहजासहजी जात नाहीत. दगडांच्या ढिगात, नाल्यात टाकलेल्या सिमेंटच्या नळ्यांत, वारुळांच्या आडोशाला त्या राहतात आणि पाऊस उघडला की अंग शेकायला बाहेर येतात.

वसाहतीतली काही मुले संध्याकाळी माझ्या ओसरीवर अभ्यासाला येतात. त्यांच्या आया दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. मजुरी हजारावर मोजली जाते, त्यामुळे बोटांना उसंत नसते. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड मिसळलेली मराठी आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशा तीन पाण्यांत ही मुले पोहतात. त्यांना मी एका पावसाळी संध्याकाळी तानाजीचा पाठ सांगितला. सवयीप्रमाणे रंगवून सांगितला.

चौथ्या दिवशी, शनिवारी, दिवेलागणीला पाच मुले माझ्या दारात उभी राहिली. एकाच्या कोपराची सालटे निघाली होती. दुसऱ्याच्या हातात गोणपाट होते आणि त्यात काहीतरी हलत होते. कोणी बोलेना. अखेर सर्वांत धाकटा म्हणाला, "सर, ती चढली नाही."

गोणपाट उघडले. आत हातभराहून थोडी मोठी, मातकट रंगाची घोरपड होती. तिच्या मागच्या पायांच्या पुढे, कमरेशी, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी करकचून बांधलेली होती आणि ती कातडीत रुतली होती. पुढच्या उजव्या पायाचे एक नख मुळापासून उखडून रक्त आले होते. मुलांनी तिला एका अर्धवट बांधलेल्या भिंतीला लावले होते. ती थोडी वर जाऊन एका फटीत अडकून राहिली. तेव्हा सहावीतल्या एका वीराने दोरीला लटकून पाहिले. मुलगा पडला आणि त्याच्यावर घोरपड पडली. मी विळीवरून चाकू उचलला आणि दोर कापला. सूर्याजीने दोर कापल्याची गोष्ट मी शंभर वेळा सांगितली होती. स्वतः कापलेला हा पहिलाच.

मुलांना रागे भरावे असे वाटले, पण शब्द तोंडात आला नाही. पाठ माझाच होता.

आता या जनावराचे करायचे काय? घरात आणलेल्या मुक्या जिवाला आपण जे देतो ते मी दिले. वाटीत दूध ठेवले. नागपंचमीला नागापुढे दूध ठेवणाऱ्या कुळात जन्मलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार! जखमेवर हळद दाबली. भ्यालेल्या प्राण्याला थंड आणि अंधारी जागा बरी, असे ठरवून तिला न्हाणीघरात, ओल्या फरशीवर, ओले पोते अंगावर टाकून ठेवली. मनात दया भरपूर होती. ज्ञान काडीचे नव्हते. मग वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, ओढ्याला पाणी आल्यामुळे गाडी सोमवारी येईल असे कळवले आणि तोवर तिला खाऊ घालू नका, उगाच हाताळू नका, हवा लागेल अशा खोक्यात ठेवा, असे बजावले. मी खोके आणले. पण जागा तीच ठेवली.

रविवारी सकाळी पाहिले तर घोरपड मेल्यासारखी पडली होती. डोळे अर्धे मिटलेले, पाय लुळे. काडीने स्पर्श केला तर शेपटी तेवढी जराशी हलली. दुधाला मुंग्या लागल्या होत्या.

त्याच वेळी माझ्या भाचीचा फोन आला. ती ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असते आणि रविवारी माझी चौकशी करते. तिच्या घरी गेल्या वर्षापासून एक दाढीवाला सरडा आहे. कोणी बिऱ्हाड हलवताना त्याला खोक्यात टाकून गेले होते. तिने त्याला निवाऱ्यातून घरी आणले आणि त्याचे नाव ठेवले 'दाढोबा'. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. भ्याला किंवा चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो आणि ती दाढीसारखी काळी पडते. म्हणून हे नाव. शास्त्रज्ञांनी १९२६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या कुंपणावरचा सरडा आणि हा दाढोबा एकाच कुळातले, म्हणजे चुलतभाऊच म्हणा. घोरपडीचे कूळ निराळे. पण ऊन ही गरज दोन्ही कुळांना सारखीच.

मी भाचीला सर्व हकीकत सांगितली. ती म्हणाली, "मामा, तिला न्हाणीत कशाला ठेवलंत? आधी उन्हात न्या. गार पडलेल्या सरड्याला अन्न पचत नाही, जखम भरत नाही, पळायचंही सुचत नाही. आधी ऊन, मग बाकी सगळं."

मग तिने आपल्याच चुका मला सांगितल्या. दाढोबाला आणले तेव्हा तिने त्याला खिडकीपाशी काचेच्या पेटीत ठेवले होते आणि ऊन मिळते आहे अशा समजुतीत होती. पण खिडकीच्या काचेतून ऊब येते. उन्हातले जे अतिनील किरण हाडांना लागतात ते काच अडवून धरते. त्या किरणांवाचून या प्राण्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसले की खाल्लेला चुना हाडांत मुरत नाही. दाढोबाचा जबडा मऊ पडू लागला तेव्हा पशुवैद्याने हे तिला समजावले. मग विशेष दिवा आला. पेटीच्या एका टोकाला चाळीस अंशांच्या आसपास ऊब आणि दुसऱ्या टोकाला पंचवीसेक अंशांचा गारवा, अशी व्यवस्था झाली. आपल्याला किती ऊब हवी ते सरडा स्वतःच ठरवतो. आपण त्याला दोन्ही टोके द्यायची, एवढेच आपले काम. खाण्याचेही तसेच. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. वयात आल्यावर किडे कमी आणि पालेभाजी जास्त. दाढोबा पहिले कित्येक दिवस तिला पाहिले की दाढी काळी करून तोंड उघडत असे. तिला तो राग वाटे. ती भीती होती, हे तिला पुढे समजले. "आपण नवखे असलो की त्याची प्रत्येक खूण उलटी वाचतो," असे ती म्हणाली.

फोन ठेवण्यापूर्वी ती आणखी एक बोलली. "आणि मामा, लळा लावून घेऊ नका. दाढोबा पेटीतच जन्मला, त्याला परत जायला रान नाही. तुमच्या पाहुणीला आहे."

मी खोके ओसरीवर आणले. ढगांतून ऊन आत-बाहेर करीत होते. समोरच्या घरातल्या आजी विड्यांचे सूप बाजूला ठेवून पाहायला आल्या. कोपर खरचटलेला मुलगा त्यांचाच नातू. खोक्यात डोकावून त्या म्हणाल्या, "उडुमु!" तेलुगूत घोरपडीला उडुमु म्हणतात, कन्नडमध्ये उडा. मग त्यांच्या मराठीत त्या म्हणाल्या, "मास्तर, हिला गार ठिवलाव का? ही सकाळी दगडावर ऊन खाल्ल्याबिगर पाऊल उचलत न्हाई. आमचा बाप म्हणून तर पहाटे जायचा धरायला. गारठ्यात ती पळत न्हाई."

मी थक्क झालो. सातासमुद्रापलीकडे पुस्तके वाचून आणि पशुवैद्याला पैसे मोजून माझ्या भाचीने जे ज्ञान मिळवले, ते या आजींच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होते. फरक एवढाच की एकीने ते जगवण्यासाठी मिळवले आणि दुसरीच्या बापाने ते मारण्यासाठी. त्यांच्या लहानपणी घरात भूक होती आणि घोरपड हे मांस होते. आजींनी ते लपवले नाही. "आता खात न्हाई कुणी. पाप म्हणून न्हाई, पोलीस म्हणून," असे म्हणून त्या हसल्या. तेलुगूत 'उडुमु पट्टू' असा बोल आहे, तोही त्यांनीच सांगितला. घोरपडीची पकड, म्हणजे धरले ते न सोडणे.

अर्ध्या-पाऊण तासाच्या उन्हाने जे झाले ते मी डोळ्यांनी पाहिले. प्रथम तिने मान उचलली. मग अंग चपटे करून उन्हाकडे केले. मग दुभंगलेली जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. मी जवळ गेलो तशी तिने गळा फुगवून असा फुत्कार टाकला की मी दोन पावले मागे सरलो. वाचकहो, आपल्यावर कोणी रागावले याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

ती संध्याकाळ आणि रात्र मी पुस्तकांत काढली. मुलांनी प्रयोग केला होता. आता मास्तराने पुरावा पाहायला हवा होता.

घोरपडीचे संस्कृत नाव गोधा. हिंदीतले 'गोह' तिच्यापासूनच आले. आपल्या जुन्या वाङ्मयात ही गोधा वारंवार भेटते, पण बहुधा ताटात नाहीतर कातड्याच्या रूपात. मनुस्मृतीत भक्ष्य मानलेल्या पाच नखांच्या प्राण्यांत गोधा आहे. रामायणात मरणोन्मुख वालीही रामाला हीच यादी ऐकवतो. महाभारतातले धनुर्धर प्रत्यंचेच्या फटक्यापासून मनगट वाचवायला जी चामड्याची पट्टी बांधत, तिलाही गोधाच म्हणत. दक्षिणेकडचा कंजिरा हा वाद्यप्रकार परंपरेने घोरपडीच्या कातड्यानेच मढवला जात असे. गौरीच्या काही प्राचीन मूर्तींत मात्र देवीच्या पायाशी गोधा वाहन म्हणून विराजमान आहे, आणि जातककथांत एक गोधा ढोंगी तपस्व्याचे सोंग ओळखते. मांस आणि चामडे यांच्या लांबलचक हिशेबात एवढ्याच दोन जागी तिला काही मान मिळालेला मला आढळला.

मराठ्यांच्या इतिहासात घोरपड शिरते ती गडाच्या कड्यावरून. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा अशी : बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान कोकणात खेळणा किल्ला, म्हणजे पुढचा विशाळगड, घेण्यासाठी झुंजत असता कर्णसिंह आणि भीमसिंह या भोसले कुळातील बापलेकांनी घोरपडीच्या कमरेला दोर बांधून कडा चढण्याची युक्ती योजली. कर्णसिंह पडला, भीमसिंहाला १४७१ मध्ये 'राजा घोरपडे बहादूर' हा किताब मिळाला. मुधोळच्या फर्मानांच्या अस्सलपणाविषयी इतिहाससंशोधकांत मोठा वाद झालेला आहे, तेव्हा या कथेला परंपरेहून अधिक वजन देता येत नाही. पण नाव राहिले, आणि त्या नावाने पुढे संताजी घोरपड्यांसारखा सेनापती दिला, ज्याच्या धाकाने मोगल छावण्यांची झोप उडाली.

आता सिंहगड. ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमीची रात्र. या प्रसंगाचे दोन साक्षीदार मी समोरासमोर बसवले. एक, कृष्णाजी अनंत सभासद. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीस, सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने आपली बखर लिहिली. शिवछत्रपतींच्या काळातला माणूस. ऐकलेले असले तरी ते जवळून ऐकलेले. दुसरा, तुळशीदास शाहीर. त्याचा पोवाडा परंपरेने शिवकालीन मानतात. तो गोंधळ्या-शाहिरांच्या कंठांतून वाहत आला आणि ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ साली काढलेल्या संग्रहात छापला गेला. पिढ्यान्‌पिढ्या गायलेल्या कवनात गाणाऱ्याने चार कडवी घातली असतील, दोन गाळली असतील, हे गृहीत धरूनच ते वाचायला हवे.

सभासद काय सांगतो? तानाजीने दोन निवडक मावळे कड्यावरून चढवले. वानर चढावेत तसे ते चढले. त्यांनी वर जाऊन शिडी लावली आणि मग तीनशे माणूस वर गेले. सभासदाच्या हकीकतीत घोरपड नाही. घोरपड आहे ती पोवाड्यात. यशवंती हे तिचे नाव आपल्या ओठांवर रुळले ते शाहिरांमुळे आणि पुढे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीमुळे, पाठ्यपुस्तकांमुळे, चित्रांमुळे.

कोणी म्हणतात, घोरपड हे चढणाऱ्या माणसांचेच टोपणनाव असावे. कोणी म्हणतात, ते नखांच्या आकड्याचे नाव असावे. हे तर्क आहेत. माझ्या दारातल्या मुलांचा प्रयोगही काही सिद्ध करीत नाही. एक अर्धी वाढलेली, भ्यालेली घोरपड आणि एक नायलॉनची दोरी यांवरून १६७० चा निकाल लावता येणार नाही. पूर्ण वाढलेली घोरपड नाकापासून शेपटीपर्यंत पावणेदोन मीटरपर्यंत भरते आणि फटीत शिरून अंग फुगवले की तिला ओढून काढणे खरोखर कठीण. पण वजन भरते ते सहा-सात किलोंच्या घरात. तिच्यामागे नुसता कडाभर लांबीचा सोल लटकला तरी तो तिलाच खाली ओढील. माणसाचे पुढे पाहावे. साक्षींचा तोल सभासदाकडे झुकतो, असे मला तरी वाटते.

परंतु पोवाडा पुन्हा वाचताना मी एका ठिकाणी थबकलो. शाहीर सांगतो की घोरपड कडा अर्धा चढून परत फिरली. यापूर्वीचे किती तरी गड घेताना ती कधी फिरली नव्हती. तो अपशकुन मानला गेला. परत जावे असे बोलणे निघाले. तेव्हा तानाजी संतापला, आणि त्याने तिला मारून खाण्याची धमकी दिली. मग ती चढली. हा भाग मी विद्यार्थिदशेत वाचला होता. वर्गात मात्र एकदाही सांगितला नाही. तासाला पंचेचाळीस मिनिटे, आणि मुलांना कडा चढायची घाई. त्या रात्री मात्र खोक्यातून नखे खरवडल्याचा आवाज येत असता मला वाटले, की साऱ्या परंपरेत या जनावराला जनावर म्हणून पाहिले ते या शाहिराने. त्याची घोरपड नको म्हणते. माझ्या पाठातली घोरपड नुसती चिकटते. कमरेला दोरी बांधताना मुलांच्या मनात शंका आली नाही, कारण मी त्यांना जी घोरपड दिली होती तिला नको म्हणताच येत नव्हते.

सोमवारी दुपारी वनखात्याची गाडी आली. एक वनरक्षक आणि त्यांच्यासोबत एक पशुवैद्य. पशुवैद्यांनी माझी हळद धुऊन काढली, दोरीचा वण तपासला, नखाची जागा स्वच्छ केली. हाड मोडलेले नव्हते. "दूध पाजलं नाहीत ना?" असे त्यांनी विचारले. ठेवले होते, तिने घेतले नाही, असे मी सांगितले. ते म्हणाले, "तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं." मला ते पटले.

वनरक्षकांनी मुलांना ओसरीवर बसवून कायदा समजावला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ती तेथेच आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी तिचा मान वाघाच्या पंक्तीला. तिची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कैद. याच सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, हे मुलांना ठाऊक होते. आपल्या वसाहतीच्या नळ्यांत राहणारी घोरपड त्याच तोलामोलाची, हे ठाऊक नव्हते. कायद्याला पन्नासांहून अधिक वर्षे झाली तरी तिच्या चरबीचे तेल सांधेदुखीवर म्हणून विकले जाते. नराचे जननेंद्रिय वाळवून 'हत्ताजोडी' नावाची दुर्मिळ मुळी म्हणून लक्ष्मीप्राप्तीसाठी विकतात. २०१७ साली हा व्यापार उघडकीला आला, तेव्हा अनेक घरांच्या देव्हाऱ्यांत लोक काय पुजत होते ते त्यांना कळले. भूक लागलेल्या आजींच्या वडिलांनी मारलेली घोरपड आणि ही घोरपड यांत मी तरी फार मोठे अंतर मानतो.

वनरक्षकांनी मला सोबत येऊ दिले. वस्तीपासून दूर, माळाच्या उतारावर, दगडांच्या ढिगाशेजारी त्यांनी खोके आडवे केले. ऊन चांगले तापले होते. काही क्षण ती दारातच थांबली, जीभ दोनदा बाहेर काढली आणि मग अशी गेली की शेपटीचे टोक तेवढे नजरेला पडले. दोन दिवस ज्या जिवाची काळजी वाहिली तो आपल्याकडे वळूनही पाहत नाही, याचे मला थोडे वाईट वाटले, हे लपवत नाही. पण लळा लावून घेऊ नका असे भाचीने सांगितले होतेच. तिच्या दाढोबाला पेटी हेच जग आहे, आणि त्या पेटीत ऊन, गारवा, चारा, सारे बेताने पुरवणे हा तिचा धर्म. माझ्या पाहुणीच्या बाबतीत माझा धर्म इतकाच, की ऊन मिळेतो अडथळा करू नये, आणि मिळाल्यावर दार उघडावे.

परत येताना कुंपणाच्या काठीवर एक सरडा मान डोलावताना दिसला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण कुत्सितपणे म्हणतो. पण २०१६ साली संशोधकांनी आपल्याकडच्या पंख्यासारखा गळा उघडणाऱ्या काही सरड्यांचा स्वतंत्र वंश ठरवला आणि त्याला शास्त्रीय नाव दिले ते 'सरडा' या मराठी शब्दावरूनच. त्यातली एक जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची. कुंपणापर्यंतची ती धाव जगाच्या शास्त्रग्रंथांत जाऊन पोचली. म्हण बदलायला हवी. पण म्हणी कायद्याहून सावकाश बदलतात.

त्याच संध्याकाळी मुले ओसरीवर जमली. मी तानाजीचा पाठ पुन्हा घेतला. या वेळी रंगवला नाही. फळ्यावर दोन रकाने केले. एकीकडे सभासद, एकीकडे शाहीर. कोण कधी लिहितो, कोणाच्या सांगण्यावरून, लिहून ठेवतो की गातो, आणि काय सांगतो ते मांडले. पोवाड्यातली माघारी फिरणारी घोरपडही सांगितली. मुले गप्प होती. गोष्ट मोडल्याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होते. मी मनात म्हटले, मास्तर, तुम्ही खरे सांगितलेत, पण पोरांची रात्र हिरावून घेतलीत.

तेवढ्यात कोपराला पट्टी बांधलेला मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, ते दोघं नुसत्या हातानं चढले?"

"सभासद तसे म्हणतो."

"काळोखात? दोरी न घेता?"

"दोरी त्यांनी वर पोचल्यावर सोडली."

तो भिंतीकडे पाहत राहिला. परवा तो किती उंचीवरून पडला होता ते त्याला आठवत असावे. मग त्याने विचारले, "त्यांची नावं काय होती?"

घोरपडीचे नाव मी शंभर वर्गांत सांगितले होते. मी पुस्तक उघडले, माहीत असूनही ते पान पुन्हा एकदा पाहिले, आणि मिटले. सभासदाने ती नावे लिहून ठेवलेली नाहीत.